छोटं पिस्तूल, मोठा बोअर आणि आपला शस्त्र परवाना: कोल्हापुरातले परवानाधारक काय म्हणतात?

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि पुढच्या महिनाभरात बीडमधले शस्त्र परवाने हा राज्यभराचा विषय झाला. अंजली दमानिया यांनी मांडलेले आकडे तुम्हीही वाचले असतील: बीडमध्ये बाराशेहून अधिक परवाने, शेजारच्या परभणीत ३२. मग प्रशासनानं शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले. परवाना कुणी दिला, कुणाच्या शिफारशीवर दिला, एवढे का दिले, यावर भरपूर बोललं गेलं. ते बोललं जायलाच हवं होतं.

यंत्राबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. कमरेला लावलेली ती वस्तू नेमकी काय आहे, किती जुनी आहे, हातातून निसटून फरशीवर पडली तर काय होतं? मोबाईलच्या बॅटरीवर आपण तीन-तीन लेख वाचतो, आणि जीव घेऊ शकणाऱ्या यंत्राबद्दल आपली माहिती सिनेमापुरती असते.

बीडच्या बातम्या पाहिल्यावर यूट्यूबनं मला अमेरिकन पिस्तुलांचे रिव्ह्यू दाखवायला सुरुवात केली. अल्गोरिदमला बीड आणि टेक्सास सारखंच. त्यात एक प्रकार वारंवार येत होता: तळहाताएवढं, शर्टाखाली लपणारं, पण .४५ बोअरचं पिस्तूल. माझ्याकडे परवाना नाही आणि घ्यायचा विचारही नाही. पण ओळखीतल्या काही परवानाधारकांशी बोललो तेव्हा कळलं, तेही हेच व्हिडिओ बघतात. एकानं तर सरळ विचारलं, "आपल्याकडं असलं का मिळत नाही रे?" त्याचं उत्तर द्यायला आधी थोडं गणित करावं लागेल.

बोअर म्हणजे काय, आणि धक्का कुठून येतो

.३२ किंवा .४५ हे आकडे म्हणजे ढोबळमानानं नळीचा आतला व्यास, इंचात. .४५ म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, .३२ म्हणजे आठ मिलिमीटरच्या जरा आत. गंमत अशी की पिस्तुलाचं .३२ काडतूस आणि .४५ काडतूस, दोन्ही जॉन ब्राउनिंग या एकाच माणसानं बनवली. पहिलं १९ व्या शतकाच्या अखेरीस, दुसरं २० व्याच्या सुरुवातीला. दुसरं १९११ साली अमेरिकी लष्करानं स्वीकारलं, म्हणून त्याचा दबदबा.

.४५ ची नेहमीची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २५५ मीटरच्या घरात. शाळेतलं सूत्र लावा, ऊर्जा निघते सुमारे ४८० ज्यूल. .३२ पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमची, वेग २७५ मीटर, ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास. म्हणजे जवळपास पावणेतीन पट फरक. इथपर्यंत मोठ्या बोअरवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पण न्यूटनचा तिसरा नियम परवाना बघून सवलत देत नाही. गोळी जेवढ्या संवेगानं पुढं जाते तेवढ्याच संवेगानं पिस्तूल मागं येतं. .४५ चं जुनं लष्करी पिस्तूल १.१ किलोचं होतं, त्यात हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साडेसहा ज्यूलच्या आसपास निघते. तेच काडतूस ६०० ग्रॅमच्या पिस्तुलात घातलं की १२ ज्यूल. ७०० ग्रॅमच्या .३२ मध्ये जेमतेम एक ज्यूल. जळलेल्या दारूच्या वायूंचा वाटा मी धरलेला नाही, त्यामुळे खरे आकडे याहून थोडे जास्तच असणार. पिस्तूल जितकं छोटं आणि हलकं, तितका धक्का वाढतो. लपवायला सोपं म्हणून जे घेतलं तेच चालवायला अवघड होऊन बसतं.

६०० ग्रॅमचा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. स्प्रिंगफील्ड आर्मरीचं २०१२ मध्ये आलेलं एक्सडी-एस हे .४५ बोअरचं पिस्तूल रिकामं असताना साधारण तेवढंच भरतं. नळी ३.३ इंचाची, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. अशी छोटी .४५ वापरणारे अमेरिकन लोक जे बोलतात त्यात एक साचा दिसतो. कौतुक सगळं बारीकपणाचं: पट्ट्यात बसतं, दिवसभर विसरायला होतं. तक्रार सगळी चालवण्याची: करंगळीला मुठीवर जागा नाही, नळी वर उसळते, पन्नास गोळ्यांनंतर तळहात दुखतो, स्प्रिंग इतकी कडक की वरचा भाग मागं ओढताना बोटं घसरतात. ही स्प्रिंग उगाच कडक केलेली नसते. वरचा सरकता भाग आखूड आणि हलका असला की त्याला थोपवायला जास्त ताकदीची स्प्रिंग लागते. शिवाय आखूड नळीतून गोळी थोडी कमी वेगानं सुटते. म्हणजे ज्या ताकदीसाठी एवढं सोसायचं, तिचाही काही भाग हातचा जातो.

आणि ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीनं हेच पिस्तूल परत मागवलं होतं. गोळी भरताना वरचा भाग पुढं आला की चापाला हात न लावता गोळी सुटू शकते, अशी शक्यता आढळली म्हणून. दुरुस्त करून परत दिलं. याचा मुद्दा पुढं येणारच आहे, लक्षात ठेवा.

एफबीआयचंही उदाहरण बघण्यासारखं आहे. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत दोन एजंट गेले, तेव्हा निष्कर्ष निघाला की ९ एमएमची गोळी कमी पडली. मग १० एमएम आणलं, ते फार धक्का देतं म्हणून .४० आलं. आणि २०१० च्या दशकाच्या मध्यात एफबीआय पुन्हा ९ एमएमवर परतलं. कारण काय, तर चांगली गोळी वापरली तर परिणामात फरक थोडा, आणि बहुतेक एजंट ९ एमएमनं जास्त भरभर व जास्त अचूक मारतात. हे पूर्णवेळ प्रशिक्षण घेणाऱ्या लोकांबद्दल आहे, बरं का.

आपल्याकडं का मिळत नाही

भारतात नागरिकाला कोणता बोअर मिळेल हे दुकानदार किंवा ग्राहक ठरवत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम ठरवतात. लष्कर-पोलिसांच्या वापरातले बोअर, उदाहरणार्थ ९ एमएम आणि .३०३, सामान्य माणसासाठी निषिद्ध. त्यासाठीचा परवाना जिल्हाधिकारी देतच नाहीत, तो विषय दिल्लीत गृह मंत्रालयाकडं जातो. यामागचा तर्क समजायला सोपा आहे: सरकारी साठ्यातून काडतुसं बाहेर गेली तरी ती नागरिकांच्या हत्यारात बसू नयेत. म्हणून आपल्याकडं स्वसंरक्षणाचं हत्यार म्हटलं की बहुतेक वेळा .३२. सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल .३२, कानपूरचं रिव्हॉल्व्हर .३२, २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं पाचशे ग्रॅमचं 'निर्भीक' .३२. त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती, त्यामुळे कोणत्या महिलांसाठी हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. (इथं एक गफलत नेहमी होते: पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. एकमेकांत चालत नाहीत.)

दुसरी गोष्ट मला स्वतःला नवीन होती. अमेरिकेत हत्यार लपवून बाळगणं ही राज्याराज्यांत वादाची गोष्ट आहे. २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर मोठा निकाल दिला. आपल्याकडं उलट आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत आणि पूर्ण झाकलेलंच हवं, शिवाय तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे लपवून बाळगणं हा आपल्याकडं साधा नियम आहे. शर्ट वर करून मूठ दाखवत फिरणारा गाववाला पुढारी, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा पाहुणा, हे दोघंही नियम मोडतात. वरातीतल्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली आहे. त्याच दुरुस्तीत एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

मग इथले परवानाधारक काय म्हणतात?

ज्या चार-पाच जणांशी बोललो त्यांत बोअरची हौस व्हिडिओपुरतीच होती. प्रत्यक्ष त्रास वेगळेच.

गुजरीत दुकान असलेले एक सराफ, वडिलांचे मित्र, त्यांना मी काका म्हणतो. त्यांच्याकडं वडिलांपासून आलेलं विलायती रिव्हॉल्व्हर आहे. "बाळ, नुसतं वजन आहे ते. पँट खाली ओढतंय. स्कूटरवर बसलो की बरगडीत टोचतं. घाम लागून गंजू नये म्हणून तेल लावायचं, मग शर्टाला डाग." शेवटची गोळी कधी झाडली, विचारलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि हसून विषय बदलला.

शिरोळ तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार. फौजेत आयुष्यभर बंदूक हाताळलेला माणूस, आता बाराबोअरची दुनळी घेऊन बँकेच्या पैशाच्या गाडीवर नोकरी करतात. छोट्या .४५ चा व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "असलं हत्यार नवख्याच्या हातात दिलं की पहिली गोळी निशाण्यावर, दुसरी आभाळात. आधी रेंजवर घाम गाळायला सांगा त्याला."

रेंजचा मुद्दा कोल्हापुरात काढला की लोकांना लगेच आपले नेमबाज आठवतात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसमध्ये कांस्य. अभिमान आहेच. पण त्यातली तांत्रिक गोष्ट बघा: राहीचं २५ मीटर पिस्तूल .२२ बोअरचं असतं. धक्का नावाला. कौशल्य येतं ते लाखो वेळा तोच चाप तसाच दाबून. उलट परवानाधारकाच्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा छापलेली असते, काडतूस स्वस्त नसतं, आणि सरावाची जागा शोधावी लागते. दहा वर्षांत एक डबीही न संपवलेली माणसं मला भेटली. २०१६ च्या नियमांत परवान्याआधी प्रशिक्षणाची अट आहे, पण एकदा घेतलेलं प्रशिक्षण आणि टिकणारा सराव यात ड्रायव्हिंग स्कूल आणि शिरोली नाक्यावरच्या ट्रॅफिकइतका फरक आहे.

कोल्हापूरची आणखी एक खास अडचण आहे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता असेल आणि तुम्ही कागल सोडून कोगनोळीचा टोलनाका ओलांडलात, की कर्नाटक. निपाणीला वसुलीला गेलेल्या व्यापाऱ्याच्या कमरेचं कायदेशीर हत्यार अर्ध्या तासात बेकायदेशीर होतं. मोबाईलचं रोमिंग गेलं, याचं राहिलं.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की पोलिस ठाण्यातून फोन येतो, हत्यार जमा करा. सरसकट सगळ्यांना असं सांगता येत नाही, छाननी समितीनं प्रत्येकाचा वेगळा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयानं गोव्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. चंदगड-राधानगरीकडं गवा आणि रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक घेतलेल्या शेतकऱ्याला नेमकं ऊस उभा असताना ती ठाण्यात ठेवावी लागली तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण सराफ काकांचं मत उलटं: "ठाण्यात असतं तेवढे दिवस मी निवांत झोपतो."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. ते का निवांत झोपतात, हे पुढच्या मुद्द्यात आहे.

पडलं तर?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांचंच परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. कोलकात्याला निघायच्या गडबडीत ते हत्यार कपाटात ठेवत होते. बातमी आल्यावर अर्ध्या महाराष्ट्रानं विनोद केले, उरलेल्यांनी संशय घेतला: पडल्यावर कुठं गोळी सुटते होय?

सुटू शकते. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, त्याच्या टोकाला टाचणी असते. चाप दाबला की घोडा मागं जाऊन आपटतो, टाचणी काडतुसाच्या बुडावरच्या टोपीला ठोकते, दारू पेटते. पण घोडा खाली असतानाही ही टाचणी काडतुसापासून केसभर अंतरावरच असते. रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडलं, तर फरशी हातोडीचं काम करते. म्हणून जुन्या काळचे जाणकार घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायचे आणि सहाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरायचे.

यावर तोडगा फार पूर्वीच निघाला आहे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाचं एक रिव्हॉल्व्हर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसननं घोडा आणि चौकटीच्या मध्ये एक पोलादी अडसर घातला. चाप पूर्ण दाबला तरच तो बाजूला सरकतो. काही कंपन्यांनी उलटी युक्ती केली: घोडा टाचणीपर्यंत पोचतच नाही, मधली एक पट्टी वर आली तरच ठोका पुढं जातो, आणि ती पट्टी वर येते फक्त चाप दाबल्यावर. पिस्तुलात टाचणीलाच कुलूप घालतात. कोल्टनं आपल्या प्रसिद्ध .४५ मध्ये ते १९८३ मध्ये घातलं. तरीही हे शास्त्र संपलेलं नाही: २०१७ मध्ये सिग सावरचं पी३२० हे अगदी आधुनिक पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं की गोळी सुटते असं चाचण्यांत दिसलं आणि कंपनीला बदल द्यावे लागले. वर सांगितलेलं एक्सडी-एस आठवा. तिथं असा दोष सापडला की कंपनी जाहीरपणे सांगते, ग्राहक अनुक्रमांक तपासतो, पिस्तूल परत जातं.

आता आपल्याकडं या. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करणं जवळपास बंद आहे. त्यामुळे आधी आलेली विलायती हत्यारं आपल्याकडं सोन्यासारखी जपली जातात. किंमत चढते, बापाकडून लेकाकडं जातात, "आमचं इंग्रजांच्या काळातलं आहे" असं अभिमानानं सांगितलं जातं. विंटेज गाडी असती तर मीही कौतुक केलं असतं. पण सीटबेल्ट नसलेली गाडी आपण रोज मुलाला शाळेत सोडायला वापरत नाही. पडल्यावर न सुटण्याची सोय त्या हत्यारात आहे की नाही, असलीच तर सत्तर वर्षांनी तो अडसर किंवा त्याची स्प्रिंग शाबूत आहे की नाही, हे कुणी पाहिलंय? नूतनीकरणाला हत्यार दाखवलं, नंबर जुळला, शिक्का बसला. मी बोललो त्यांच्यापैकी एकाच्याही हत्याराची यांत्रिक तपासणी झालेली नव्हती. पंधरा वर्षांच्या मोटरसायकलला पुन्हा नोंदणी करताना आरटीओत उभं करावं लागतं. रिव्हॉल्व्हरला ते लागू नाही.

म्हणून बीडच्या चर्चेत मला एक स्तंभ कमी वाटतो. परवान्यांची राष्ट्रीय नोंद आता संगणकावर आहे, प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट क्रमांक आहे. त्यात हत्याराचा प्रकार आणि क्रमांकही येतो. जिल्ह्यात किती परवाने, हे विचारता येतं तसं त्यातली किती हत्यारं पन्नास वर्षांहून जुनी आहेत, हेही विचारता यायला हवं. माझ्या कामात अशी माहिती काढणं म्हणजे एक ओळ लिहिणं. पण बनावटीचं वर्ष नावाचा रकाना भरून घेतला पाहिजे, आणि पाच वर्षांनी नूतनीकरण करताना अधिकृत दुरुस्तीकाराचा दाखला मागितला पाहिजे. परवाना कुणाला द्यावा यावर राजकारण होणारच. यंत्र तपासण्यावर कुणाचा आक्षेप असायचं कारण नाही.

हत्यार कुणाच्या ताब्यात आहे, हा दुसरा अर्धा भाग. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं पोलिस तपासात पुढं आलं. तिथं बोअरचा संबंध नव्हता, कपाटाच्या किल्लीचा होता.

नवीन घ्यायचंच असेल तर पर्याय पूर्वीपेक्षा बरे आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबळ' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. सिलिंडर बाजूला उघडतो, जुन्यासारखं मधून मोडावं लागत नाही. जाहिरातीत मात्र भर ५० मीटर पल्ल्यावर. दरोडेखोर पन्नास मीटरवर असेल तर तुम्ही पळा, हा माझा फुकट सल्ला. दुकानात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: भरलेलं असताना घोड्यावर पडलं तर गोळी सुटते का, आणि कोणत्या भागामुळे सुटत नाही? दुकानदारानं तो भाग रिकाम्या हत्यारात दाखवायला हवा. घरी स्वतः पाडून बघू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो.

सराफ काकांनी गेल्या महिन्यात त्यांचं रिव्हॉल्व्हर एका परवानाधारक दुरुस्तीकाराला दाखवलं. त्याच्या मते आतला अडसर झिजलाय आणि त्याचा सुटा भाग आता कुठं मिळत नाही. नातवंडं घरात आहेत, त्यामुळे ते विकून टाकायचं ठरलं. त्यासाठी आधी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावं लागतं. अर्ज दिलाय, पोच मिळाली आहे. तोवर रिव्हॉल्व्हर तिजोरीत, रिकामं, आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात.